आपल्या शिवारातला रस्ता कोणाचा?



ऊस पिकवणं शेतकऱ्याच्या हातात आणि तो गाळणं कारखान्याच्या हातात. पण बांधापासून वजनकाट्यापर्यंतचा रस्ता कोणाच्या हातात, हे विचारलं तर भल्याभल्यांना सांगता येत नाही. हंगाम तोंडावर आला की गट ऑफिसांतून रस्त्याच्या तक्रारी सुरू होतात. कुठे मोरी खचलेली, कुठे पाणंदीत चाक रुतेल एवढा चिखल, कुठे डांबरी रस्त्याची कड तुटून ट्रॉली कलंडण्याचा धोका. यातले बरेचसे अर्ज कारखान्याच्या नावाने लिहिलेले असतात. आपल्या माणसाने आपल्या संस्थेकडे यावं, यात वावगं काही नाही. पण रस्त्याची मालकी कारखान्याकडे नाही आणि दुसऱ्याच्या रस्त्याला कारखान्याने परस्पर हात लावणं कायद्यात बसत नाही. म्हणून गावचे रस्ते कोण सांभाळतं, पैसा कुठून येतो आणि अर्ज कुणाच्या टेबलावर गेला पाहिजे, हे एकदा सविस्तर सांगावं असं आम्ही ठरवलं.

प्रश्न फक्त गैरसोयीचा नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असं आपण सगळे म्हणतो. उशीर झाला की उसाचं वजन घटतं, हे नुकसान ज्याच्या त्याच्या पावतीवर दिसतं. पण साखरेचा अंशही घटतो, आणि ते नुकसान पावतीवर दिसत नाही. एफआरपीचा हिशेब कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्याशी बांधलेला आहे. त्यामुळे एका वस्तीचा ऊस खचलेल्या मोरीपाशी दीड दिवस अडकून शिळा झाला, तर त्याची झळ उताऱ्यातून सगळ्या सभासदांना थोडीथोडी बसते. शिवाय ज्या रस्त्याने ऊस जातो त्याच रस्त्याने पोरं शाळेला जातात, दूध डेअरीला जातं आणि अडलेली बाई दवाखान्यात जाते.

रस्त्यांचे प्रकार

रस्त्यांच्या कारभाराला आपल्या देशात शिस्त लागली ती १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीपासून. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यानंतर १९४३ साली मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली आणि तिथे रस्त्यांची प्रतवारी ठरली. ती 'नागपूर योजना' म्हणून ओळखली जाते. आजही मोघमपणे तीच उतरंड चालू आहे. ती अशी :

राष्ट्रीय महामार्ग : पुणे-नाशिक रस्ता (क्रमांक ६०, पूर्वीचा ५०) किंवा तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता (५४८ डी). हे केंद्राचे. काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण पाहतं किंवा केंद्राच्या वतीने राज्याची एखादी यंत्रणा पाहते.

राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग : पाटीवर 'रामा' किंवा 'प्रजिमा' अशी अक्षरं असतात. हे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, म्हणजे आपण ज्याला पीडब्ल्यूडी म्हणतो त्यांच्याकडे.

इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग : 'इजिमा' आणि 'ग्रामा'. हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावाला गाव जोडणारे बहुतेक रस्ते यातच मोडतात.

गावठाणातले आणि वस्त्यांवरचे अंतर्गत रस्ते : हे ग्रामपंचायतीचे.

शिवरस्ते आणि पाणंदी : हे गावाच्या नकाशावरचे पूर्वापार वहिवाटीचे रस्ते. इथे अडथळ्याचा वाद आला की तहसीलदारांकडे जावं लागतं.

याशिवाय पाटाच्या कडेचा रस्ता पाटबंधारे खात्याचा आणि औद्योगिक क्षेत्रातला रस्ता एमआयडीसीचा असतो.

ओळखायची सोपी खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. साधारणपणे माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, काळा असेल तर जिल्हा मार्ग आणि केशरी असेल तर ग्रामसडक योजनेतला ग्रामीण रस्ता. दगडच नसेल, तर ग्रामपंचायतीत जाऊन नमुना नंबर २३ बघायला मागा. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची ही नोंदवही. घराची नोंद नमुना ८ ला आहे की नाही हे आपण डोळ्यांत तेल घालून बघतो, पण २३ नंबरचं पान कुणी उलटत नाही. आपल्या वस्तीचा रस्ता त्यात चढलेलाच नसेल, तर कागदोपत्री तो रस्ताच नाही. मग त्यावर निधी टाकायचा कसा, असं सरपंचाने विचारलं तर त्याचं काय चुकलं?

गावाचं बांधकाम खातं म्हणजे कोण?

पुष्कळांना वाटतं की ग्रामपंचायतीत एखादा इंजिनिअर बसत असेल. तसं नाही. ग्रामपंचायतीला रस्ते, गटारं, मोऱ्या, दिवाबत्ती आणि पाणी यांची कामं १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने नेमून दिलेली आहेत. पण अंदाजपत्रक करणारा आणि काम मोजणारा माणूस तिच्याकडे नसतो, तो तालुक्याला असतो. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या आणि तेव्हापासून ही साखळी चालत आली आहे.

एखादं काम होतं ते असं. ग्रामसभेत मागणी येते. ग्रामपंचायत ठराव करते. ग्रामसेवक (२०२४ पासून त्यांचं पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आहे) तो ठराव तालुक्याला पाठवतात. शाखा अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतात आणि अंदाजपत्रक करतात. उपअभियंता त्याला तांत्रिक मान्यता देतात. ज्या खात्याचा पैसा, ते खातं प्रशासकीय मान्यता देतं. मग निविदा निघते, कार्यारंभ आदेश मिळतो, काम होतं आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यावर बिल निघतं. या साखळीतली एक कडी निसटली की काम तिथेच अडतं. म्हणून 'अर्ज दिला होता' एवढं सांगून भागत नाही. ठरावाचा क्रमांक काय, अंदाजपत्रक झालं का, मान्यता कोणत्या टेबलावर आहे, हे विचारलं पाहिजे. माणूस नेमका प्रश्न घेऊन आला, की कचेरीतही त्याला नेमकं उत्तर मिळतं.

पैसा कुठून येतो?

ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर वगैरे. त्याखेरीज वित्त आयोगाचा निधी येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात या निधीतले रुपयाला साठ पैसे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिलेले होते. उरलेल्या चाळीस पैशांत रस्ते, दिवे आणि बाकी सगळं. 'एवढे लाख आले, रस्ता का केला नाही?' असं चावडीवर विचारलं जातं, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं उत्तर ग्रामपंचायतीने हिशेबाचा कागद दाखवून द्यायचं असतं, आणि तो कागद मागायचा आपल्याला हक्क आहे.

जिल्हा परिषदेच्या रस्त्यांसाठी दोन लेखाशीर्षं गावोगाव तोंडपाठ आहेत. ३०५४ हे देखभाल-दुरुस्तीचं आणि ५०५४ हे नव्या बांधकामाचं. गावातल्या मूलभूत सोयींसाठी २५१५, म्हणजे आपल्या बोलीतलं 'पंचवीस-पंधरा'. यातली मेख लक्षात घ्या. नव्या रस्त्याचा नारळ फुटतो, फोटो निघतो, पाटी लागते. गटार उपसल्याचा फोटो कुणी काढत नाही. त्यामुळे नव्या कामाची मागणी करायला दहाजण जातात आणि देखभालीची मागणी करायला एकही जात नाही. मग चार वर्षांत तोच रस्ता पुन्हा नवा करावा लागतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली आणि राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ मध्ये आली. या योजनांत एक चांगली तरतूद आहे : रस्ता केल्यावर पाच वर्षं त्याची देखभाल त्याच ठेकेदाराने करायची. रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो. त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख वाचा आणि पाच वर्षं मोजा. मुदतीत खड्डा पडला, तर नव्या निधीची वाट बघायचं कारण नाही, ठेकेदाराकडून तो भरून घ्यायचा आहे.

रस्ता पाण्याने मरतो

आता थोडं रस्त्याच्या तब्येतीबद्दल. स्कॉटलंडमध्ये दोनशे वर्षांपूर्वी मॅकॅडम नावाचा इंजिनिअर होऊन गेला. खालची जमीन कोरडी राहिली तर ती गाड्यांचं ओझं पेलते, म्हणून रस्ता उंच करा, मधून फुगीर ठेवा आणि पाणी बाजूला काढा, अशी त्याची पद्धत. आपल्याकडे खडीकरणाला 'मॅकॅडम' म्हणतात ते त्याच्याच नावावरून.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. कोरड्या ढेकळावरून बैल चालतो आणि ओल्या रानात रुततो. रस्त्याखालची माती तीच आहे. त्यातून आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी काळी माती. ती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते. डांबराचा थर हे घरावरच्या पत्र्यासारखं छप्पर आहे. छप्पर फुटलं किंवा बाजूने पाणी आत आलं की खालचा मुरूम सैल होतो, चाकाखाली खळगा पडतो, खळग्यात पाणी साठतं आणि आठ दिवसांत त्याचा खड्डा होतो.

म्हणून देखभाल म्हणजे मुख्यतः चार कामं. बाजूची गटारं मोकळी ठेवायची. मोऱ्यांतला गाळ आणि पाचट काढायचं. साईडपट्ट्यांवर मुरूम टाकून त्या रस्त्याच्या पातळीला आणायच्या. आणि लहान भेग वा खळगा वेळीच बुजवायचा. पहिली दोन कामं मे महिन्यात, पावसाआधी. भर पावसात डांबर धरत नाही, तेव्हा खडी-मुरूम दाबून वेळ भागवायची. पाऊस उघडल्यावर पक्के खड्डे भरायचे. तेसुद्धा खड्डा चौकोनी कापून, आतली माती झाडून, तळाला डांबर मारून, मग खडी भरून रोलरने दाबून. नुसती डांबरी खडी ओतून फावड्याने थापटली, तर ती पहिल्याच ट्रॉलीबरोबर निघून जाते. गावात काम चालू असताना चार सभासदांनी उभं राहून एवढं बघितलं तरी पुष्कळ होईल.

पूर्वी पीडब्ल्यूडीच्या रस्त्यावर मैलकुली असायचे. ठरावीक लांबी त्यांच्या नावाने लावलेली असे. फावडं आणि घमेलं घेऊन ते रोज फिरत, गटार मोकळं करत, खळग्यात मुरूम घालत. आता बहुतेक काम ठेक्याने होतं. ठेकेदार मोठं काम यंत्राने झटपट करतो, हे खरं. पण रोज फिरून लहान दुखणं पकडणारा माणूस राहिला नाही. ती नजर आता गावाने ठेवायची आहे.

आपल्याही हातून काय होतं

सगळा दोष कचेरीचा म्हणून चालणार नाही. नांगरट करताना आपण रस्त्याच्या गटारात दोन फूट सरकतो. पुढच्या वर्षी तिथे सरी निघते आणि पाणी रस्त्यावर येतं. उसाला रात्रीचं पाणी लावलं, बारं फुटलं आणि पाणी रात्रभर डांबरावरून वाहिलं, तर उन्हाळ्यातही त्या रस्त्याला पावसाळाच. नदीवरून पाईपलाईन आणताना रस्ता आडवा खोदतो, पाईप टाकतो आणि वर माती ओढून मोकळे होतो. पहिल्या पावसात तो चर खचतो. खरं तर ज्या खात्याचा रस्ता, त्या खात्याची परवानगी घेऊन, अनामत भरून, मोठ्या नळीतून पाईप ओलांडून न्यायची रीत आहे. ते जमत नसेल तर निदान खडी-मुरूम ठोकून तरी चर बुजवावा. रस्त्यावरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला कायद्याच्या कलम ५३ ने आहे. पण आपल्याच भावकीवर तो चालवायची पाळी सरपंचावर येऊ नये.

ओझ्याचंही तसंच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ठरावीक ओझ्याच्या गाड्या सतत फिरवल्या आणि रस्ता किती झिजतो ते मोजलं. निष्कर्ष असा निघाला की आसावरचं ओझं दुप्पट केलं की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. ग्रामीण मार्ग हलक्या वाहतुकीच्या हिशेबाने बांधलेला असतो. त्यावर ट्रॉली शिगेच्या वर भरली की एका खेपेचं डिझेल वाचतं, पण रस्त्याचं आयुष्य जातं, आणि त्याच खड्ड्यात पुढे आपलाच टायर फुटतो. वाहतूकदारांनी आणि मुकादमांनीही हे ध्यानात घ्यावं.

पाणंद अडली तर

बांधापासून पहिला अर्धा-एक किलोमीटर बहुधा पाणंदीचा असतो आणि भांडणंही तिथेच जास्त. इथे दोन कायदे ओळखून ठेवा. पूर्वापार वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. मात्र तो अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायला हवा. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण इथे लावून घेऊ नका. थांबलात तर मुदत जाते आणि मग दिवाणी कोर्टाचे हेलपाटे. दुसरी गोष्ट, शेताला रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे शेजाऱ्याच्या बांधावरून रस्ता मागता येतो. तहसीलदार जागा पाहून, शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल असा मार्ग देतात.

शक्यतो या वाटेला जायची वेळ येऊ नये. पाणंदीच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी बसून दोन-दोन फूट मागे सरले, तर मोजणी आणि तारखा वाचतात. अशा मोकळ्या झालेल्या पाणंदी पक्क्या करायला शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. त्यात रोजगार हमीचा निधी जोडला होता. असा निधी पदरात पडतो तो वाद नसलेल्या पाणंदीला. भांडणातल्या पाणंदीवर कुणी खडी टाकत नाही.

कारखानदारीच्या पट्ट्यात

आपल्या भागाचं दुखणं आणखी वेगळं आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ही १९७० पर्यंत ग्रामपंचायतीची गावं होती. त्यांची मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. १९९७ साली मोशी, चिखली, तळवडे, चऱ्होली, वाकड, पुनावळे, रावेत अशी गावं महापालिकेत गेली, २००९ साली ताथवडे गेलं. चाकणला २०१५ साली नगरपरिषद झाली. त्याच वर्षी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए आलं. ते प्रामुख्याने नियोजन आणि बांधकाम परवानग्या पाहतं. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, सावरदरी, वराळे, भांबोली या शिवारांत एमआयडीसी आली, तरी गावचा कारभार ग्रामपंचायतीनेच चालवायचा होता.

याचा परिणाम असा की एकाच उसाच्या ट्रॉलीला सात-आठ किलोमीटरात चार-पाच मालकांचे रस्ते लागतात. समजा, पाणंदीतून निघालो, वस्तीच्या रस्त्याला लागलो तो ग्रामपंचायतीचा, पुढे ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा, मग एमआयडीसीचा रुंद रस्ता आणि शेवटी महामार्ग. एकाच्या हद्दीतलं गटार दुसऱ्याच्या हद्दीत तोंड उघडतं, आणि त्याच सांध्यावर पाणी तुंबून खड्डा पडतो. शिवाय ग्रामीण मार्गावरून आता अवजड कंटेनर आणि कामगारांच्या बसगाड्या धावतात. त्या ओझ्यासाठी हा रस्ता बांधलाच नव्हता. त्याची प्रतवारी वाढवून तो वरच्या यंत्रणेकडे द्यावा, ही मागणी अशा गावांनी ग्रामसभेच्या ठरावाने लावून धरणं हाच त्यावर टिकाऊ उपाय आहे. नुसते खड्डे बुजवून तिथे भागणार नाही.

ज्या सभासदांची गावं महापालिकेत गेली, त्यांच्यासाठी ग्रामसभा उरलेली नाही. त्यांनी क्षेत्रीय कार्यालय गाठायचं. त्यांची शेती मात्र पुष्कळदा शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असते. तेव्हा घराचा रस्ता एका कचेरीत आणि रानाचा रस्ता दुसऱ्या कचेरीत, हे लक्षात ठेवून अर्ज करावेत.

सभासदांनी एवढं करावं

एक : आपल्या वस्तीचा रस्ता नमुना २३ मध्ये आहे का ते या महिन्यातच पाहावं. नसेल तर नोंदीची मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

दोन : ग्रामसभेला जावं. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी ती संख्या लागते. शंभर माणसं जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते आणि मग चौघे मिळून ठरवतात. त्या आधी महिलांची ग्रामसभा असते, तिथे घरच्या बायामाणसांनाही पाठवावं. पाण्याचा नळ आणि अंधारी गल्ली यांची खरी खबर त्यांनाच असते.

तीन : गावचा विकास आराखडा तयार होताना नव्या रस्त्याबरोबर गटार आणि मोऱ्या साफ करण्याची रक्कम धरली आहे का, ते विचारावं.

चार : अर्ज ज्याच्या रस्त्याचा त्यालाच द्यावा. रस्त्याचा क्रमांक, ठिकाण आणि खचलेल्या मोरीची खूण लिहावी. 'रस्ता फार खराब आहे' या वाक्यावर अंदाजपत्रक होत नाही. उत्तर आलं नाही, तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. त्याखाली तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पाच : मे महिन्यात एक दिवस वस्तीने मिळून आपल्या पाणंदीच्या मोऱ्या उपसाव्यात. त्याला कुणाची मान्यता लागत नाही.

अर्जाची एक प्रत आपल्या गट ऑफिसात द्यावी. रस्ता दुरुस्त करणं कारखान्याचं काम नसलं, तरी कोणत्या गटात कुठली वाट अडली आहे हे आधी कळलं तर तोडणीचा क्रम आणि गाड्यांचे मार्ग त्याप्रमाणे लावता येतात. आपण सगळे मिळून कारखाना चालवतो तो एकेकाच्या शेअरवर. गावचा रस्ताही तसाच आपल्या पट्टीच्या पैशावर उभा आहे. शेअरचा हिशेब वार्षिक सभेत आपण हक्काने विचारतो, तसा रस्त्याचा हिशेब ग्रामसभेत विचारावा, ही सर्व सभासदांना नम्र विनंती.